दुचाकी आणि मोटार : पर्यावरणीय तुलना

पेट्रोलवर चालणाऱ्या या दोन वाहनप्रकारांमुळे हवा, इंधन व शहरातील जागा यांवर पडणाऱ्या भाराची तुलना. भारतात तिला विशेष महत्त्व आहे. पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेलच्या २०१३ मधील पाहणीनुसार पेट्रोलच्या खपात दुचाकींचा वाटा सुमारे ६१ टक्के, तर मोटारींचा सुमारे ३४ टक्के होता.

इंधन व कार्बन : एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. लिटरमागे ६० किमी. धावणारी १०० सीसीची दुचाकी किलोमीटरला सुमारे ३८ ग्रॅम, तर १८ किमी. धावणारी लहान मोटार सुमारे १२८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. मोटारीत चौघे बसले, तर माणशी भार ३२ ग्रॅमवर येतो. दुचाकीवर दोघे असल्यास तो १९ ग्रॅम असतो.

विषारी वायू : येथे दुचाकीची बाजू दीर्घकाळ लंगडी होती. आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक (१९७२) व कायनेटिकची लुना ही टू-स्ट्रोक वाहने होती. या इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निसटतो. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा निळसर धूर होतो तो वेगळा. हीरो होंडा सीडी १०० (१९८५) पासून फोर-स्ट्रोक दुचाकींचा प्रसार वाढला. मोटारींना मात्र १९९५ पासून, प्रथम चार महानगरांत, शिसेविरहित पेट्रोल व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारे उपकरण) मिळाले. पीयूसी (प्रदूषण नियंत्रण) चाचणीतही ही दरी दिसते : बीएस-४ (भारत स्टेज-४) मानकाच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, तर २००० नंतरच्या जुन्या दुचाकींना ३.५ टक्के. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी ही दरी कागदोपत्री मिटवली. दोन्ही वाहनांना किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम व नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम ही एकच मर्यादा आहे. दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली, हा या बदलाचा तांत्रिक गाभा होय. प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन देखभाल व वाहतूककोंडीनुसार बदलते.

जागा : इंडियन रोड्स काँग्रेस शहरी रस्त्यांच्या क्षमतेचा हिशेब करताना मोटार १ एकक धरते, तर दुचाकी, वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार, ०.५ ते ०.७५.

ध्वनी : बदललेले सायलेन्सर हा दुचाकींच्या गोंगाटाचा मोठा स्रोत आहे.

निर्मिती : दुचाकीला धातू, प्लॅस्टिक व रबर मोटारीच्या मानाने फारच कमी लागते.

मूल्यमापन : माणशी कार्बनच्या हिशेबात लहान फोर-स्ट्रोक दुचाकी सामान्यतः सरस ठरते. हवेच्या शुद्धतेच्या दृष्टीने मात्र वाहनाला चाके किती, यापेक्षा इंजिन कोणत्या मानकाचे आहे व त्याची निगा कशी राखली आहे, हे निर्णायक असते. म्हणून जुनी टू-स्ट्रोक वाहने रस्त्यावरून काढणे आणि पीयूसी चाचणी काटेकोरपणे करणे, हे शहरी हवेसाठी सर्वांत निकडीचे उपाय होत.