कार्ड नसलेल्या संगणकांचा इतिहास

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा नव्या यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. कोणते ग्राफिक्स कार्ड केव्हा आले आणि त्याने पडद्यावर काय नवे दाखवले, अशी ती वंशावळ असते. ज्यांच्याकडे ते कार्ड कधीच नव्हते, त्यांचा उल्लेख तीत येत नाही. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवले, तर हा इतिहास उलट्या बाजूने वाचावा लागतो, असे आम्हांला वाटते.

या शतकाच्या पहिल्या दशकात अशा गावांत संगणक आला तो खेळासाठी नव्हे. एमएस-सीआयटीचे वर्ग, डीटीपी, दुकानाचे हिशेब ही त्याची कामे. त्यांना इंटेल ८४५जी किंवा ८६५जी या चिपसेटमधील अंगभूत चित्रव्यवस्था पुरे होई. खेळांचे तसे नव्हते. 'पिक्सेल शेडर' ही सोय २००१ साली घरगुती कार्डांत आली आणि लवकरच काही खेळ तिच्यावाचून सुरूच होईनात. २००३ सालचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा त्यांपैकीच.

यावरचा एक उपाय म्हणजे सॉफ्टवेअर रेंडरिंग : कार्डाचे काम प्रोसेसरनेच आकडेमोड करून भागवायचे. ही युक्ती नवी नव्हती. १९९६ सालचा 'क्वेक' मुळात असाच चाले. त्याची कार्डासाठीची आवृत्ती मागाहून आली. आज जी तडजोड वाटते, तीच एके काळी रूढ रीत होती. पुढे निकोलस कॅपेन्स यांच्या कामातून ट्रान्सगेमिंग या कॅनडातील कंपनीचे 'स्विफ्टशेडर' घडले. २००८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ते बसवणे म्हणजे 'डी३डी९' नावाची डीएलएल फाइल खेळाच्या फोल्डरात ठेवणे. विंडोज ती फाइल आधी तिथेच शोधते. खेळ कार्डाशी बोलू पाहतो आणि त्याला मध्ये हा दुभाषा भेटतो.

किंमत मात्र मोजावी लागे. ६४० बाय ४८०च्या चित्रात ३,०७,२०० बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे हवी असतील तर ७६,८०,००० बिंदूंचा हिशेब एकट्या प्रोसेसरवर पडतो. म्हणून चित्र लहान ठेवायचे, सावल्या बंद करायच्या. तरीही ते अडखळतच सरके. पण ही केवळ गरिबाची युक्ती नव्हती. २०१२ साली गूगलने क्रोममध्ये हेच स्विफ्टशेडर वापरले आणि २०१६ साली त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. त्याच काळात विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट उमटावी म्हणून जटिल लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे. तोवर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. खेळू पाहणारा विद्यार्थी आणि मराठी वाचू पाहणारा शिक्षक, दोघांनाही यंत्र घडवणाऱ्यांनी गृहीत धरलेले नव्हते. दोघांनीही एकेक फाइल जोडून आपली जागा करून घेतली.

या उद्योगाचे दप्तर कुठे नाही. संगणक फॉरमॅट केला की ती फाइल जाई आणि तिच्याबरोबर पुरावाही. उरल्या आहेत त्या आठवणी. आणि त्या काळी शाळेत असलेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. महाविद्यालयांतील मराठी विभाग लोकगीते टिपून घेतात, तशाच या आठवणीही टिपून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.