‘क्रोनो ट्रिगर’चं कूळ आणि मूळ

१९९२ साली तीन जपानी माणसं मिळून अमेरिकेला गेली. संगणकावरच्या चित्रांचं तंत्र कुठवर आलं आहे ते पाहून यायचं, एवढाच प्रवासाचा हेतू होता. तिघांपैकी दोघे बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. युजी होरी हे एनिक्स कंपनीसाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचणारे, तर हिरोनोबु साकागुची हे स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’चे जनक. तिसरे अकिरा तोरियामा, ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रमालिकेमुळे जपानात घरोघरी पोहोचलेले चित्रकार. याच प्रवासात तिघांचं ठरलं, की आजवर कुणी केलं नाही असं काहीतरी एकत्र करायचं. त्यातून उभा राहिलेला ‘क्रोनो ट्रिगर’ ११ मार्च १९९५ रोजी जपानच्या दुकानांत आला.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. या गेमचं मात्र अवश्य विचारावं. राजवाडे, जादू, तलवारी, आळीपाळीने होणाऱ्या लढाया, काळप्रवास, यांतली एकही गोष्ट ‘क्रोनो ट्रिगर’ने शोधलेली नाही. त्याने या सगळ्यांना एकाच कामाला जुंपलं. खेळणाऱ्याच्या हातून घडलेली लहानशी कृती शतकांपलीकडे काय होऊन बसते, हे त्याने खेळणाऱ्यालाच हिंडून पाहायला लावलं.

कुळाची सुरुवात पडद्यावर नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र एवढंच त्याचं सामान. कुणी योद्धा व्हायचं, कुणी मांत्रिक. आपली पाळी आली की काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. पाळीपाळीने लढण्याची रीत इथून आली. १९८१ मध्ये तीच रीत संगणकावर नेणारे दोन गेम अमेरिकेत निघाले: अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आणि रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा’.

‘अल्टिमा’त काळप्रवास पहिल्यापासून होता. त्यातला दुष्ट मांत्रिक मोंडेन याच्याकडे अमर करणारं रत्न असतं, म्हणून नायकाला कालयंत्रात बसून मागे जावं लागतं, रत्नाची सिद्धी पुरी होण्याआधी. पुढच्याच वर्षीच्या ‘अल्टिमा २’मध्ये गॅरियट यांनी काळाची दारंच मांडली. टेरी गिलियम यांचा ‘टाइम बँडिट्स’ हा चित्रपट पाहून ही कल्पना त्यांच्या मनात बसली होती. चित्रपटातल्या बुटक्या चोरांकडे असतो तसा काळाच्या दारांचा नकाशा गेमच्या डब्यात हवा, तोही कापडावर छापलेला, हा त्यांचा हट्ट होता आणि तो पुरवला गेला. पण या गेममधला काळ म्हणजे खरं तर आणखी एक प्रदेश. दारातून जायचं, तिथलं काम उरकायचं, परत यायचं. एका काळात केलेल्याचा माग दुसऱ्या काळात फारसा उमटत नसे.

होरी यांनी ‘विझर्ड्री’ पाहिला तो १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲपलफेस्ट या प्रदर्शनात. असे गेम चालवायला संगणक लागे आणि भरपूर कळा पाठ असाव्या लागत. होरी यांनी ते सगळं निंटेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर, मोजक्या बटणांत आणि साध्या आज्ञांत बसवलं. २७ मे १९८६ रोजी आलेल्या या ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी राक्षस काढले तोरियामांनी. दीड वर्षाने, १८ डिसेंबर १९८७ ला, साकागुचींचा ‘फायनल फँटसी’ आला. त्याच्या कथेच्या पोटातही काळाचं वेटोळं आहे: सुरुवातीला मारलेला सरदार दोन हजार वर्षं मागे जाऊन बसलेला असतो आणि शेवटी तोच समोर उभा ठाकतो. हे मात्र खेळणाऱ्याला अखेरीस सांगितलं जातं. तो त्यात काही ढवळाढवळ करू शकत नाही.

लढाईच्या रीतीतली सुधारणाही स्क्वेअरच्या घरातलीच. पाळीची लढाई निवांत असते; आपण विचार करत बसलो तरी समोरचा राक्षस सभ्यपणे थांबतो. हिरोयुकी इतो यांना हे खटकत होतं. फॉर्म्युला वनची शर्यत पाहताना त्यांना सुचलं, की प्रत्येकाचा वेग वेगळा असेल तर पाळीही ज्याची त्याची वेगवेगळ्या वेळी यायला हवी. १९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’मध्ये त्यांनी ते आणलं. ‘क्रोनो ट्रिगर’ने तीच पद्धत उचलली: प्रत्येक पात्रापुढे एक पट्टी भरत जाते, भरली की त्याची पाळी, आणि तोवर शत्रूचं घड्याळही चालूच. वर दोन गोष्टी आपल्या घातल्या. शत्रू समोर हिंडताना दिसतात आणि लढाई त्याच जागी जुंपते, वेगळा पडदा उघडत नाही. शिवाय दोघांच्या किंवा तिघांच्या पट्ट्या भरल्या असतील तर ते मिळून एकच मोठा घाव घालू शकतात. आता मारायचं की जोडीदाराची पट्टी भरेपर्यंत मार खात थांबायचं, हा पेच प्रत्येक लढाईत पडतो.

निर्माते होते काझुहिको आओकी. दिग्दर्शन ताकाशी तोकिता, योशिनोरी कितासे आणि अकिहिको मात्सुई या तिघांचं. काळप्रवासाचा विषय होरींचा. अमेरिकेतली १९६६ ची ‘द टाइम टनेल’ ही मालिका त्यांच्या आवडीची. त्यांनी कथेचा आराखडा दिला आणि आजोबांच्या कोड्यापासून सुरुवात केली: भूतकाळात जाऊन आपल्याच पूर्वजाचं बरंवाईट झालं तर आपण उरतो का? इसवी सन १००० मधली राजकन्या मार्ल चुकून ६०० सालात जाऊन पडते. तिथली राणी, म्हणजे तिचीच पूर्वज, बेपत्ता असते. मार्लचा चेहरा राणीसारखा, त्यामुळे राणी सापडली असं समजून सगळे शोध थांबवतात. खऱ्या राणीला कुणी शोधत नाही, म्हणजे ती मरणार, म्हणजे मार्ल जन्मणारच नाही. आणि नायक क्रोनोच्या डोळ्यांदेखत ती विरून जाते. ज्या कोड्यावर तत्त्वज्ञ पानंच्या पानं लिहितात, ते पहिल्या तासाभरात पोरासोरांना कळतं, तेही व्याख्यानाशिवाय.

कथेचे धागे जुळवण्याचं मोठं काम मासातो कातो यांनी केलं. आकाशात तरंगणाऱ्या झील या राज्याचा, इसवी सनापूर्वी १२००० चा भाग त्यांचा. नायक क्रोनो मधेच मरतो, हा गेममधला सर्वांत मोठा धक्काही त्यांच्याच डोक्यातला. त्यांच्या मनात तो कायमचाच जायचा होता. सोबत्यांनी आधीच्या काळातला जिवंत क्रोनो उसना आणायचा आणि काम संपल्यावर त्याला परत पोचवायचं. कंपनीला हे फार काळवंडलेलं वाटलं, म्हणून त्याला वाचवायची वाट ठेवली गेली. कातोंची मूळ कल्पना जास्त खोल होती, तरी झालेला बदल वाया गेला नाही. क्रोनोला परत आणणं सक्तीचं नाही. त्याच्याशिवायही गेम पुरा करता येतो, आणि आणायचं ठरवलं तर खेळणारा ते स्वतःहून करतो.

संगीताची कहाणी वेगळीच. यासुनोरी मित्सुदा स्क्वेअरमध्ये ध्वनितंत्राच्या कामाला होते, वय जेमतेम विशीतलं. संगीत रचायला मिळणार नसेल तर नोकरी सोडतो, असं त्यांनी थेट साकागुचींना सांगितलं आणि हा अवाढव्य प्रकल्प पदरात पाडून घेतला. मग रात्री स्टुडिओतच झोपणं सुरू झालं. शेवटाची धून झोपेत सुचली असं ते सांगतात. मधेच हार्ड ड्राइव्ह बिघडून अर्धवट झालेल्या चाळीसेक रचना गेल्या. पोटात अल्सर होऊन ते आजारी पडले, तेव्हा ‘फायनल फँटसी’चे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी उरलेल्या धुना केल्या. हे सगळं, चित्रं आणि संवादांसकट, ३२ मेगाबिटच्या कार्ट्रिजमध्ये बसलं. आपल्याकडे मुलं तिला ‘गेमची कॅसेट’ म्हणत. ३२ मेगाबिट म्हणजे ४ मेगाबाइट. आज फोनमधला एखादा फोटो तेवढी जागा खातो.

गेमचे काळ सात: डायनोसोरांचा, झीलचा, ६००, १०००, जग संपतं ते १९९९, त्या राखेतलं २३००, आणि या सगळ्यांच्या बाहेर दिव्याच्या खांबाखाली एक म्हातारा उभा असतो तो काळाचा अंत. २३०० मध्ये माणसं घुमटाखाली कशीबशी तग धरून असतात. एका यंत्रात झोपलं की अंगात तरतरी येते, पण पोटातली भूक तशीच राहते. त्या भविष्याची सगळी दुर्दशा एवढ्या एका बारकाव्यात येते. आकाशातून पडून जमिनीत घुसलेला लावोस हा प्राणी १९९९ मध्ये वर येऊन जग जाळतो, याची चित्रफीत क्रोनो आणि त्याचे सोबती तिथे पाहतात आणि ते टाळायचं ठरवतात.

पण गेमचा जीव मुख्य रस्त्यात नाही, आडवाटांत आहे. एक आडवाट अशी: विझलेला एक दगड सूर्यप्रकाशात ठेवून पुन्हा तेजस्वी करायचा. तो इसवी सनापूर्वी साडेसहा कोटी वर्षांच्या काळातल्या गुहेत ठेवायचा आणि २३०० मध्ये उचलायला जायचं. जाऊन पाहावं तर दगड नाही. एकेक काळ तपासल्यावर कळतं की १००० सालात एका गावच्या कंजूस प्रमुखाने तो लंपास केलाय. मारहाणीने तो परत मिळत नाही. त्याच्या गावातून ९,९०० मोजून मसालेदार सुकं मांस विकत घ्यायचं, ६०० सालात त्याच्या पूर्वजांच्या घरी जायचं आणि तिथल्या बाईला ते फुकट द्यायचं. ती १०,००० देऊ करते. घेतले तर शंभराचा नफा होतो आणि दगड मात्र हातचा जातो. फुकट दिलं तर ती मुलांना औदार्य शिकवीन म्हणते, आणि चारशे वर्षांनंतरचा प्रमुख दिलदार निघतो. दगड हातावर ठेवतो.

दुसरी वाट क्रोनोचा सोबती रोबो याची. ६०० सालात फिओना नावाची बाई वाळवंटात जंगल उगवू पाहते. माणसाच्या आयुष्यात ते होणं शक्य नाही. रोबो यंत्र आहे, तो मागे राहतो. बाकीचे काळप्रवासाच्या यानात बसून १००० सालात पोचतात, त्यांच्यासाठी क्षणभराचं काम. तिथे जंगल उभं असतं आणि चारशे वर्षं राबून बंद पडलेला रोबो लोकांनी देवासारखा जपलेला असतो. त्याला दुरुस्त करून सगळे शेकोटीभोवती बसतात. रोबो म्हणतो, ज्यांतून आपण एका काळातून दुसऱ्या काळात जातो ती दारं कुणाच्या तरी आठवणी असाव्यात. त्याच रात्री लुका या सोबतिणीसाठी एक दार उघडतं, तिच्या लहानपणात, जिथे आईचे कपडे यंत्रात अडकून तिचे पाय जायचे असतात. यंत्र थांबवायचा सांकेतिक शब्द आईचंच नाव: लारा. ती अक्षरं कंट्रोलरच्या बटणांवर दाबायची असतात, एल, ए, आर, ए, आणि वेळ थोडा असतो. बटणं चुकली तर आई आयुष्यभर चालू शकत नाही.

खेळून झाल्यावर कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोयही या गेमने दिली आणि तिला ‘न्यू गेम प्लस’ हे नाव दिलं. अशा दुसऱ्या फेरीत कथेच्या जवळपास कोणत्याही टप्प्यावर लावोसला गाठता येतं, आणि कधी गाठलं त्यावर शेवट ठरतो. असे शेवट दहाहून जास्त आहेत. एकात गेम घडवणारी माणसंच पात्रं होऊन भेटतात. आज शेकडो गेममध्ये ही सोय आहे आणि नावही तेच आहे.

पुढची पिढी सांगायला फार वेळ लागत नाही. ‘क्रोनो क्रॉस’ १९९९ मध्ये आला आणि त्याने मुद्दाम वेगळी वाट धरली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या स्क्वेअर आणि एनिक्स १ एप्रिल २००३ रोजी एकच कंपनी झाल्या. २०२३ मधल्या ‘सी ऑफ स्टार्स’ने ‘क्रोनो ट्रिगर’पासून उघडपणे प्रेरणा घेतली, आणि त्याच्या संगीतात स्वतः मित्सुदांचा हात आहे. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले.

‘क्रोनो ट्रिगर’ आता फोनवर आणि, स्टीम या ऑनलाइन दुकानातून, संगणकावर मिळतो. नव्याने खेळणाऱ्यांनी एवढं करावं: लढाईच्या घड्याळाने गोंधळ उडत असेल तर ‘वेट’ ही सोय निवडावी, आणि लावोसशी शेवटची झुंज द्यायला निघण्याआधी फिओनाचं जंगल आणि लुकाची आई या दोन ठिकाणी जायला विसरू नये.