ग्रंथपेटीपासून ज्ञानजाळ्यापर्यंत

आपल्या कपाटात नसलेला ग्रंथ वाचकाच्या हाती कसा द्यावयाचा, हा प्रत्येक ग्रंथालयापुढचा जुना प्रश्न होय. मावल्यासारख्या सीमेवरच्या गावी तो अधिकच बिकट होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. मराठी बोलणारी घरे सीमेच्या दोन्ही अंगांना राहिली. त्यांच्या भाषेची विद्यापीठे आणि प्रकाशनसंस्था मात्र बहुतांशी पलीकडे. या अंतरावर तोडगा शोधणाऱ्या एका प्रयत्नाचा इतिहास शताब्दीच्या निमित्ताने स्मरणे उचित ठरेल.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शिक्षण व संशोधन यांसाठीच्या संगणकजाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि स्वतः तो विभाग, असे आठ घटक त्यात होते. आरंभीची सेवा केवळ संगणकीय टपालाची होती. पत्रे एका यंत्रावर साठत, दूरध्वनी जोडला जाई आणि साठलेला थप्पा पुढच्या यंत्राकडे रवाना होई. खेड्यातल्या डाकपिशवीचीच ही रीत. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई ही पहिली कायम भाड्याची तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेकडे ६४ हजार बिटांचा दुवा सुरू झाला. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आकडे बोलके आहेत. तीनशे पानी मराठी पुस्तकात सुमारे साडेचार लाख अक्षरचिन्हे धरली आणि आजच्या युनिकोड पद्धतीने प्रत्येकास तीन बाइट दिले, तर १९९१ च्या त्या तारेवरून ते पाठवावयास १९ मिनिटे लागली असती. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळालेल्या ‘राष्ट्रीय ज्ञानजाळ्या’चा वेग गिगाबिटांत मोजतात, एक गिगाबिटाच्या दुव्यावर तेच पुस्तक सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात पोहोचते.

परंतु रस्ता झाला म्हणून ग्रंथ आपोआप येत नाही. ही जाणीव ठेवून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ग्रंथालयांना जोडणारा ‘इन्फ्लिबनेट’ प्रकल्प आरंभिला. त्याचे पहिले घर पुण्याचे ‘आयुका’ होते, ज्याचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर. जून १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. ग्रंथालयांच्या एकत्रित सूची आणि ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा संग्रह ही त्याची मोठी कामे. शोधगंगेवरील प्रबंध कोणीही घरबसल्या वाचू शकतो. पूर्वी तेच प्रबंध विद्यापीठाच्या फडताळात धूळ खात पडत.

१ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने सुमारे ६,३०० शासकीय संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिके खुली केली. आरंभीचा लाभ मात्र शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यापुरता आहे. महाविद्यालय सोडलेला शिक्षक, शेतकरी, अभ्यासू गृहिणी हे सार्वजनिक वाचनालयाचे खरे आश्रयदाते त्या उंबरठ्याबाहेरच आहेत.

गोदातीरी बासर येथे सरस्वतीसमोर मुलांच्या हाती पाटी देण्याची प्रथा आहे. त्याच बासरला २००८ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रविद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या हाती लॅपटॉप दिले. पाटी आणि लॅपटॉप यांच्यामधली जागा सार्वजनिक ग्रंथालयाची आहे. दुर्मीळ मराठी ग्रंथांच्या प्रतिमा घेणे, त्यांची सूची करणे आणि वाचकाजवळ बसून त्याला शोध घ्यावयास शिकविणे ही कामे कोणतीही तार करणार नाही. ती ग्रंथपालालाच करावी लागतील, आणि त्याच्या पाठीशी सभासदांना उभे राहावे लागेल.