पुतळ्यामागची माणसं

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हाच ठरवलं की शाळेच्या गमतीजमती इतरांसाठी ठेवायच्या. त्या लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते आपण शाळेच्या वयात रोज पाहिलेल्या आणि तरीही न पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल : माणगावला तहसील कचेरीजवळ असलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्याबद्दल. आपल्यासाठी तो भेटण्याचा ठिकाणा होता. "पुतळ्याजवळ थांब" एवढं म्हटलं की पुरे. पुतळा कोणाचा, हे ठाऊक होतं. पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे परीक्षेत येत नव्हतं, आणि परीक्षेत येत नव्हतं म्हणून त्यापुढे आपण गेलो नाही.

आपल्या वर्गातला एक मित्र फौजेत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून परत आला. नाव लिहू नकोस, अशी त्याची अट आहे. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं त्या पुतळ्यासमोरून चाललो होतो. त्याने सवयीने सलाम केला आणि मग विचारलं, "अरे, तू इतिहास शिकवलास ना आयुष्यभर? मग सांग, याच्या सेक्शनमधले बाकीचे कोण होते?" मला सांगता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे ५०,००० भारतीय सैनिक तिथे होते आणि त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. १९४४ च्या उन्हाळ्यात रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे माघार घेत होतं, पण प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पेरुजाच्या उत्तरेला, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन लढत होती. १० जुलै १९४४ या दिवशी तिच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्च्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे एका रायफल सेक्शनचे कमांडर होते. वय २२. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे.

अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधले सगळे जण ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. मागून येणारं कोणी नाही हे माहीत असताना ते टॉमीगन चालवत सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगनची नळी हातात धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. तो मोर्चा एकट्याने जिंकल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि तिथेच ते पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन गॅझेटमध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीयांना. त्या सहांत दोघे आपल्या मराठा पलटणीचे : घाडगे आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना मारा चालू असताना पाण्यातून उचलून आणलं. ते जगले, गावी परतले आणि १९८४ मध्ये वारले.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. मानपत्रातलं वाक्य पुन्हा वाचा : कमांडर सोडून सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी. सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसं. मानपत्र एकाचं असतं, त्यामुळे बाकीच्यांची नावं त्यात येत नाहीत, येण्याचं कारणही नाही. पण ती माणसंही याच पट्ट्यातली असणार. मराठा पलटणीची भरती कोकण, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागातली. कोणी गोरेगावचा असेल, कोणी महाडच्या बाजूचा, कोणी पोलादपूरच्या डोंगरातला. त्यांच्या घरी तार गेली असेल. पुढे त्यांच्या घरी काय उरलं?

दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नोंद शोधता येते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. १९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग आजही ही दप्तरं सांभाळतो आणि त्याच्या संकेतस्थळावर पलटण व तारीख टाकून कोणालाही शोध घेता येतो. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, लग्न झालेलं असेल तर बायकोचं नाव आणि गाव दिलेलं असतं. जिल्हा 'कुलाबा'. आपल्या दहावीच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच. रायगड हे नाव १९८१ चं. माझ्या नातीला वाटलं की ही सगळी माणसं मुंबईच्या कुलाब्यातली. गावांची इंग्रजी स्पेलिंगं मात्र साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. एकेका नावावर आम्ही दोघांनी तास तास घालवले आहेत. त्याला डोंगर आणि वाड्या पाठ आहेत, मला जुने नकाशे वाचता येतात. जोडी बरी जमली आहे.

घाडगे यांची स्वतःची समाधी कुठेच नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. इटलीत ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथे हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत. आणखी बरेच हिंदू आणि शीख सैनिक तिथेच दहन झाले. त्यांची नावं आरेत्सो, फोर्ली अशा ठिकाणच्या दहन-स्मारकांवर आहेत. जुलै २०२३ मध्ये टायबर खोऱ्यातल्या मोन्तोने गावच्या लोकांनी घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. छोटं डोंगरी गाव आहे ते. परक्या देशातून आलेल्या पोराचं नाव ऐंशी वर्षांनी आठवून दगडावर घातलं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

पहिल्या महायुद्धाकडे वळलं की मात्र मन खट्टू होतं. आपल्या कोकणात आणि घाटावर बऱ्याच गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ एक संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण त्या युद्धात पडले आणि गावाला 'मिलिटरी' हे आडनाव कायमचं चिकटलं. बहुतेक पाट्यांवर आकडा आहे, नाव नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, पाटी लहान म्हणून नावं मावली नसतील.

कारण तेवढंच नव्हतं. त्या युद्धात आपले मराठे सर्वांत जास्त खपले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहावी पुणे डिव्हिजन बसऱ्याहून बगदादच्या दिशेने गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टेसिफोनवरून मागे फिरून ती कुत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा, शेवटी उपासमार आणि शरणागती. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतली हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली. या मोहिमेतल्या मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याला भलं मोठं स्मारक झालं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली. भारतीय शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे किती जण मेले तो आकडा. मरणानंतर हुद्दा, वंश, धर्म पाहायचा नाही, असं तत्त्व ज्या आयोगाने सांगितलं त्यानेच हे केलं. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला, हे मान्य केलं आणि माफी मागितली. त्यांच्याच हिशेबाने किमान १,१६,००० मृतांची, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांची, नावानिशी नोंद झालेली नाही. बसऱ्याचं स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते उचलून शहराबाहेर ३२ किलोमीटरवर नेलं.

म्हणजे गावच्या पाटीवरचा आकडा आणि बसऱ्याचा आकडा एकाच दृष्टीतून आले. शिपाई मोजायचा, लिहायचा नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील, आणि शिक्षकांच्या खोलीत हा वाद मी अनेकदा ऐकला आहे, की ही माणसं साहेबासाठी लढली, त्यांना देशासाठी पडलेले कसं म्हणायचं? प्रश्न खोटा नाही. दुसऱ्या महायुद्धात भारताला विचारून युद्धात ओढलं नव्हतं. १९४२ मध्ये इकडे लोक तुरुंगात जात होते, त्याच वेळी भरतीच्या रांगाही लागत होत्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला नौसैनिकांनी बंड केलं, त्या पोरांच्या अंगावरही साहेबाचाच गणवेश होता. कोकणातला मुलगा पलटणीत जायचा तो बहुतेक वेळा भातखाचर भावाभावांत पुरत नव्हतं म्हणून. दुसरा रस्ता मुंबईच्या गिरणीचा. राजकारण दिल्ली आणि लंडनमध्ये ठरत होतं. मशीनगनसमोर उभं राहायचं ते पळसगावच्या मुलाला. साम्राज्याबद्दल माझं मत कडू आहे आणि तसंच राहील, पण त्याची शिक्षा त्या मुलाचं नाव पुसून द्यावी असं मला वाटत नाही. शिवाय याच पलटणी १९४७ नंतर आपल्या झाल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा इतिहास १७६८ पासून सुरू होतो आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये तो एकसलग सांगितला जातो.

स्वतंत्र भारताने नाव लिहायला शिकायलाही वेळ घेतला. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ ला, इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती पेटली, पण त्या कमानीवर कोरलेली नावं पहिल्या महायुद्धाच्या आणि सरहद्दीवरच्या लढायांच्या काळातली. १९४७ नंतर पडलेल्यांची नावं एका ठिकाणी यायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडलं. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात प्रत्येकासाठी ग्रॅनाइटची एक वीट आहे, त्यावर नाव, हुद्दा, पलटण. उद्घाटनाच्या वेळी ती नावं २५,९४२ होती. आमचा हवालदार मित्र तिथे गेला होता. त्याच्या कंपनीतल्या एका जवानाची वीट त्याने शोधून काढली, त्यावर हात ठेवला आणि फोन करून मला फक्त एवढंच म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे."

आता संमेलनाबद्दल. ग्रंथालयातल्या लांब टेबलावर आम्ही दोघं बसणार आहोत. १० जुलै १९४४ पासून पुढच्या-मागच्या आठवड्यांत तिसऱ्या बटालियनचे जे जवान गेले, त्यांतली तालुक्यातली असावीत अशी नावं आम्ही वहीत उतरवली आहेत, गावांच्या अंदाजासकट. येऊन पाहा. तुमच्या आजोळचं आडनाव दिसलं तर सांगा, गाव चुकलं असेल तर खोडून नीट लिहा. पहिल्या महायुद्धासाठी मात्र घरातल्या वस्तूंशिवाय इलाज नाही. त्या युद्धात पडलेल्याच्या घरी कांशाची एक जड चकती पाठवली जायची, साधारण बशीएवढी, तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह. त्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नसायचा, नुसतं पूर्ण नाव. बऱ्याच घरांनी ती मोडीत घातली, काहींच्या माळ्यावर अजून असेल. चांदीच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण असते. अक्षरं बारीक, भिंगाशिवाय दिसत नाहीत, भिंग मी आणणार आहे. जुनं पेन्शन बुक, डिस्चार्जचा कागद, फाटका असला तरी चालेल. फक्त आणण्याआधी पदक चिंच किंवा राख लावून घासू नका. कडेवरची अक्षरं झिजतात.