हँडल कोणी फिरवले?

'स्मरणरंजन' हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा नापसंतीनेच उच्चारला जातो. आठवणींत रमणाऱ्या लेखनाला दूषण देण्यासाठी तो हाताशी असतो, आणि वर्गात आम्हीही तो तसाच वापरतो. पण एखादा पदार्थच स्मरणरंजनावर विकला जाऊ लागतो तेव्हा त्या शब्दाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. हल्ली शहरोशहरी 'इटालियन पद्धतीचे, हाताने बनवलेले' जेलाटो मिळते. त्याच्याच शेजारी, लाकडी बादलीचे चित्र रंगवलेल्या फलकाखाली, 'अस्सल पॉट आइस्क्रीम' मिळते. एकाला परक्या गावाचा भूतकाळ पुरतो, दुसऱ्याला आपल्या वाड्याचा. दोन्ही फलकांवर 'हात' आहे. तो कोणाचा, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

आधी पॉटविषयी. मधोमध आतून कल्हई केलेला डबा, त्यात आटवलेले दूध. भोवती लाकडी बादलीत फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ यांचे थर. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. बर्फ-मिठाचे हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. आतले लाकडी पाते कडेला धरलेले दूध सतत खरवडत राहते, म्हणून बर्फाचे कण मोठे होत नाहीत. हाताचा वेग बेताचाच, त्यामुळे हवाही कमी मिसळते. दूध जास्त, मलई कमी, घुसळण संथ, हवा थोडी, असे जे जेलाटोचे गुपित म्हणून सांगितले जाते, ते पॉटमधल्या दुधालाही बरेचसे लागू पडते. हँडल जड लागू लागले की आइस्क्रीम धरले, ही त्यातली एकमेव मोजणी. ती मनगटालाच कळते.

हे शास्त्र कोणा एका देशाचे नाही. शोऱ्याने पाणी गार करण्याची रीत 'आईन-इ-अकबरी'त नोंदलेली आहे, आणि त्याच शतकात नेपल्सचा जांबातिस्ता देल्ला पोर्ता बर्फ आणि शोरा यांनी मद्य गोठवण्याची कृती लिहीत होता. (आपले 'कुलूप' आणि 'कुल्फी' हे शब्दही एकाच मुळाचे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.) पुढे इटलीतून पॅरिसला गेलेल्या प्रोकोपिओने १६८६ साली कॅफे उघडला आणि थंड मिठाई दरबारातून दुकानात आली. ज्याला आपण घरगुती परंपरा समजतो, त्या हँडलच्या पॉटचे पेटंट मात्र १८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंच्या नावे झाले. आजीचा म्हणून जो पॉट आठवतो, तो असा अमेरिकेतून आलेला आहे.

बर्फही तेथूनच आला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तळ्यातला बर्फ भुशात बांधून कलकत्त्यास पाठवला आणि लवकरच तो मुंबईतही उतरू लागला. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाल्याचे 'मुंबई समाचार'ने छापले. आइस्क्रीमची आपल्याकडील पहिली समीक्षा ही अशी प्रतिकूल होती! खऱ्याखुऱ्या इटालियन हातांचा माल साहेबलोकांसाठी होता. तुरीनजवळच्या गावचा फेदेरिको पेलिती १८६९ साली व्हाइसरॉय मेयोचा मिठाईवाला म्हणून आला; मुंबईच्या कोटातील मॉन्जिनीजचे मूळ मालकही दोघे इटालियन भाऊच.

आमच्या नाशिककडे थळ घाटातून आगगाडी आली ती १८६५ साली. गाडीने वस्तू येतात, पण त्या पोटात जाण्याआधी त्यांना सोवळ्याचा उंबरठा ओलांडावा लागतो. नाशिकजवळच्या जलालपूरला वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे, ते विद्यार्थी हसत वाचतात. आम्हांला त्यातली भीतीही दिसते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने एवढे ग्रामण्य माजले, की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बर्फ म्हणजे तर निव्वळ पाणी. कोणी भरलेले, कोणी शिवलेले, हे न सांगणारे पाणी. १९३० सालच्या २ मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला, त्या पंचवटीत 'सगळे पॉटभोवती जमायचे' या वाक्यातले 'सगळे' कोण, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही.

इटलीच्या आठवणीतही असेच एक रिकामे घर आहे. आल्प्समधल्या झोल्दो आणि कादोरे खोऱ्यांतली गरीब माणसे एकोणिसाव्या शतकात पोटासाठी व्हिएन्नाला जाऊन गाडीवर आइस्क्रीम विकत. लंडनच्या रस्त्यांवर इटालियन फेरीवाले ते काचेच्या छोट्या पेल्यात देत. गिऱ्हाइकाने पेला चाटून परत करायचा आणि तो जेमतेम विसळून पुढच्याला जायचा. रोग पसरतो म्हणून ओरड झाली, आणि मग खाऊन टाकता येणारा कोन पेल्याच्या जागी आला. उष्ट्याचा प्रश्न त्यांनी आरोग्याच्या भाषेत सोडवला; आपण तो जातीच्या भाषेत मांडत होतो. मळकट म्हणून हिणवलेले तेच हात आज दुकानाच्या काचेवर 'कलाकुसर' म्हणून मिरवतात. दरम्यान १९२७ साली ओतेल्लो कात्ताब्रीगाने बोलोन्यात यंत्र बनवून हाताची ती खरवडण मोटारीकडे सोपवली होती. आपल्याकडेही पॉटला मोटार बसली, बादली मात्र लाकडीच ठेवली गेली.

आठवणींच्या मराठी गद्याची एक लकब आम्हांला येथे जाणवते. 'पॉट फिरवला जाई', 'बर्फ आणला जाई', 'आइस्क्रीम केले जाई.' कर्मणी प्रयोगात कर्ता सोयीस्करपणे गळतो, आणि वाक्य गोड होते. स्मरणरंजनावरचा आमचा आक्षेप त्यातल्या गोडव्यावर नाही. या व्याकरणावर आहे. कर्ता परत घातला की तीच आठवण अधिक भरीव होते. गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलवर घालून, ती वितळण्याच्या आत आणणारा पोऱ्या येतो. हँडल हलके असेपर्यंतच हौसेने फिरवणारी मुले येतात, आणि ते जड झाल्यावर बोलावला जाणारा घरचा गडी येतो. सगळ्यांच्या वाट्या चाटून झाल्यावर उरे ते बादलीतले खारे पाणी. ते झाडांना घालता येत नसे, मोरीतच ओतावे लागे. डब्याला मीठ राहिले तर पत्रा गंजे, म्हणून तो त्याच रात्री घासावा लागे. आणि तो बहुधा घरातली बाई घाशी, सर्वांच्या मागून, तळाशी उरलेले चमचाभर खाऊन.