संस्थान जप्त, खाते बंद

गेल्या उन्हाळ्यात माझा नातू दोन दिवस धड जेवला नाही. परीक्षेचा निकाल नव्हता की दुखणे नव्हते. मित्रांची टोळी करून तो मोबाइलवर जो लढाईचा खेळ खेळतो, त्यातले त्याचे खाते कंपनीने बंद केले होते. पडद्यावर दोन ओळी आल्या : आपण नियमबाह्य साधन वापरल्याचे आढळले आहे, हा निर्णय अंतिम आहे. कोणते साधन, कोणत्या दिवशी, कोणी पाहिले, ह्याचा पत्ता नाही. तीन वर्षांची कमाई एका रात्रीत गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे गल्लीतली पोरे त्याला चोर म्हणू लागली. "आजोबा, मी खरंच काही केलं नाही हो," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, म्हणून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. आमच्या देवासच्या घरांत मुले एरवी हिंदीतच बोलतात. जिव्हारी लागले की मराठी येते.

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. त्या खेळातले मला ओ की ठो कळत नाही. पण 'आढळले आहे' ही भाषा ओळखीची वाटली. आढळले, पण कोणाला? कर्ता गायब. माझे आजोळ धारचे. तेथे लहानपणी ऐकलेली आणि पुढे पुस्तकांतून पडताळून घेतलेली एक हकिगत त्या संध्याकाळी मी त्याला सांगितली.

धारचे पवार आणि आमचे देवासचे पवार एकाच कुळातले. देवासात तुकोजी आणि जिवाजी ह्या भावांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे. ती गंमत पुन्हा केव्हातरी. धारला गादी एकच, आणि गावाबाहेरच्या टेकडीवर लाल दगडाचा किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली ह्याच किल्ल्यात झाला, हे धारचे लोक पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगतात.

मे १८५७ मध्ये धारचे राजे यशवंतराव पटकीने वारले. गादीवर त्यांचे सावत्र भाऊ आनंदराव आले. वय वर्षे १३. कारभार दिवाणाच्या आणि राजवाड्यातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती. संस्थानच्या चाकरीत अरब, मकराणी, अफगाण असे भाडोत्री शिपाई होते. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तेथला इंग्रज अधिकारी हेन्री ड्युरंड जीव घेऊन निघाला, आणि माळवा पेटला. धारच्या ह्या शिपायांनी लूटमार सुरू केली आणि ऑगस्टअखेर किल्लाच बळकावला. ऑक्टोबरात ड्युरंड फौज घेऊन परतला. किल्ल्याला वेढा पडला, तोफांनी तटाला खिंडार पाडले. पण ३१ ऑक्टोबरच्या रात्री आतले शिपाई निसटून गेले. इंग्रज आत शिरले तेव्हा किल्ला रिकामा होता.

ज्यांनी बंड केले ते पळाले. हाती सापडला तो तेरा वर्षांचा राजा. किल्ला धार दरबारचा, किल्ल्यातून तोफा झाडल्या गेल्या, अर्थात दरबार बंडात, असा सरळ हिशेब झाला आणि संस्थान जप्त झाले.

ड्युरंडवर अन्याय नको. त्याचा संशय अगदीच हवेतला होता असे मी म्हणणार नाही. शिपाई दरबारनेच पोसले होते, आणि वाड्यातली काही माणसे त्यांना आतून सामील असल्याचा वहीम होता. पण वहीम असलेली माणसे निराळी आणि ज्याचे राज्य गेले तो निराळा. अज्ञान मुलाने सल्लागारांना आवरले नाही, हा कोणत्या कायद्याने गुन्हा होतो? लंडनलाही ही जप्ती पचली नाही. पार्लमेंटात प्रश्न निघाले आणि १८६० साली धार परत द्यायचे ठरले. मात्र बैरसियाचा परगणा वगळून. तो भोपाळच्या सिकंदर बेगमांना मिळाला, कारण त्या इंग्रजांशी एकनिष्ठ राहिल्या होत्या. 'परत दिले' म्हणतात तेही कागदावर. कारभार अज्ञानपणाच्या सबबीखाली इंग्रजांकडेच. शेवटी १८६४ साली जॉन डिकिन्सन नावाच्या इंग्रजाने लंडनमध्ये एक पुस्तिकाच छापली, नाव 'धार नॉट रिस्टोअर्ड', धार परत मिळालेलेच नाही! हिंदुस्थानच्या कारभारात सुधारणा व्हाव्यात म्हणून झगडणाऱ्या संस्थेचा हा माणूस. त्याचे आणि पवारांचे नाते ना गोते.

नातू गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्याकडे ड्युरंडसुद्धा नाही. मशीन आहे."

पुढचे काही दिवस शिकवणी उलटी झाली. तो मास्तर आणि मी विद्यार्थी. खेळाबरोबर यंत्रात एक पहारेकरी प्रोग्राम बसतो. खेळाच्या फायली मुळाबरहुकूम आहेत ना, दुसरा कोणता प्रोग्राम त्यांत हात घालतो का, हे तो तपासत राहतो. लबाडी खरीच चालते : भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी, नेम आपोआप धरून देणारी साधने विकत मिळतात. म्हणून पहारेकरी हवाच. पण त्याला फरक दिसतो, हेतू दिसत नाही. जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्ह ह्या अमेरिकी कंपनीच्या पहारेकऱ्याने 'मॉडर्न वॉरफेअर २' खेळणारी सुमारे १२,००० खाती लबाड ठरवून बंद केली. चौकशीअंती निघाले काय, तर कंपनीच्याच प्रोग्रामने स्वतःला अद्ययावत करताना डिस्कवरची एक फाइल बदलली. ती स्मृतीतल्या प्रतीशी जुळेना, आणि पहारेकऱ्याने खेळाडूला धरले. मालक गेब न्यूवेल ह्यांनी माफी मागितली, बंदी उठवली आणि प्रत्येकाला एक खेळ फुकट दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडी कंपनीने खेळ चपळ चालावा म्हणून आपल्या ड्रायव्हरमध्ये एक सोय दिली. ती खेळाच्या आतल्या कामात हात घालत असे. 'काउंटर-स्ट्राइक २'चे जे खेळाडू ती वापरू लागले त्यांतले काही बंदीत सापडले. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

बारा हजार माणसे एकाच वेळी ओरडली की चूक दिसते. देवासच्या एका गल्लीतला एकटा पोरगा ओरडला तर? कंपन्या म्हणतात, कारण सांगितले तर लबाड लोक शहाणे होतील. हे मला काही अंशी पटते. पोलीसही खबऱ्याचे नाव सांगत नाहीत. पण खबऱ्याचे नाव न सांगणे वेगळे आणि आरोपीला दिवस-वेळही न सांगणे वेगळे. आमच्या गावच्या छापखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात, इतकी यंत्रे, इतकी तपासणी, तरी किराणा दुकानदार पाचशेची नोट उजेडात धरून पाहतोच, आणि शंका आली तर गिऱ्हाइकाला विचारतो, "कुठून आणली?" निदान विचारतो.

आम्ही अर्ज केला. त्या आठवड्यात मोबाइलवर नवीन काय घातलेस, असे खोदून विचारल्यावर आठवले : पुण्याच्या बहिणीला आपला खेळ दाखवायचा म्हणून पडद्याचे चित्रण करणारे एक ॲप त्याने घातले होते. तेच कारण असेल की नसेल, तारखेसह लिहिले. चार मिनिटांत उत्तर आले. त्याच दोन ओळी. चार मिनिटांत माझ्या शाळेतला कारकून पाकीटसुद्धा फोडत नसे.

दुसरा अर्ज परवा गेला. आधी त्याने मराठीत लिहून मला दाखवला, मी दोन विशेषणे कापली, मग त्याचे इंग्रजी केले. पाठवण्यापूर्वी तो एकदम थांबला.

"आजोबा, ते बैरसिया मग कधी मिळालं धारला?"

"नाही मिळालं. भोपाळकडेच राहिलं. आजही भोपाळ जिल्ह्यातच आहे."

त्याने क्षणभर विचार केला आणि अर्जाच्या शेवटी आणखी एक ओळ घातली : खाते उघडताना माझे जुने नाव आणि सगळे गुण जसेच्या तसे परत द्यावेत.