लहान श्रवणकक्षातील सबवूफर

सबवूफर हा सुमारे २० ते १२० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी निर्माण करण्यासाठी बनविलेला लाउडस्पीकर आहे. बोलीभाषेत ज्याला ‘बास’ म्हणतात, त्या मंद्र ध्वनीचा सर्वांत खालचा भाग सबवूफर सांभाळतो आणि त्यावरचा भाग मुख्य स्पीकरकडे राहतो. चित्रपटगृहे, ध्वनिमुद्रण कक्ष, मोटारगाड्या आणि घरगुती संगीतश्रवण अशा ठिकाणी त्याचा वापर होतो. प्रस्तुत लेख सुमारे ५० घनमीटरपेक्षा कमी आकारमानाच्या घरगुती खोलीपुरता मर्यादित आहे. अशा खोलीत ऐकू येणारा बास उपकरणाच्या दर्जापेक्षाही खोलीच्या मापांवर आणि सबवूफर व श्रोता यांच्या जागांवर अधिक अवलंबून असतो. त्यामुळे मोठ्या खोलीसाठी योग्य ठरणारे निकष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इतिहास

पेटीला छिद्र ठेवून शंकूच्या मागील बाजूचा ध्वनी उपयोगात आणण्याच्या रचनेचे पेटंट बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना १९३२ साली मिळाले. याउलट पूर्णपणे बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल बास मिळवण्याची रचना एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत प्रचारात आणली. आजचे बहुतेक सर्व सबवूफर या दोन रचनांचेच वंशज आहेत. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या गणितामुळे पेटीचे आकारमान आणि स्पीकरचे गुणधर्म यांचा मेळ आधीच हिशेबाने घालता येऊ लागला. स्टिरिओ संचाला जोड म्हणून वापरायच्या स्वतंत्र सबवूफरचे पेटंट १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील रेमन डोन्स यांना मिळाले.

सर्वसामान्य प्रेक्षकांना अतिमंद्र ध्वनीची ओळख चित्रपटगृहांतून झाली. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी ‘सेन्सराउंड’ पद्धतीचे प्रचंड सबवूफर बसविण्यात आले होते. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत मंद्र परिणामांसाठी स्वतंत्र वाहिनी होती. ‘५.१’ या संज्ञेतील ‘.१’ ती हीच. पुढे डीव्हीडीबरोबर ही पद्धत घरात आली आणि सबवूफरही घरगुती वस्तू झाला.

मंद्र ध्वनी आणि श्रवण

सामान्य तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यानुसार ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ४.३ मीटर, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची १७ मीटरहून अधिक भरते. म्हणजेच सबवूफरच्या कार्यक्षेत्रातील तरंग बहुधा खोलीच्या लांबीएवढे किंवा त्याहून मोठे असतात. पुढील सर्व अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मानवी कान मंद्र ध्वनीला फारसा संवेदनशील नाही. २० हर्ट्झचा शुद्ध स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी सुमारे ७८ डेसिबल इतका ध्वनिदाब लागतो, तर १,००० हर्ट्झच्या स्वराला दोन-तीन डेसिबल पुरतात. त्यामुळे किती खोल बास हवा हे काय ऐकायचे आहे यावरून ठरवणे इष्ट. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर आणि पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर असते. चर्चमधील ३२ फुटी ऑर्गनची नळी १६ हर्ट्झपर्यंत उतरते. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ वारंवारता मात्र सुमारे ६९ हर्ट्झ असते. मुख्यतः ख्यालगायन किंवा नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला २० हर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या महाकाय सबवूफरची गरज नसते. त्याला गरज असते ती ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातील समतोलाची, आणि लहान खोली नेमका तोच बिघडवते.

खोलीचे अनुनाद

समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर जेव्हा तरंगलांबीच्या निम्मे असते, तेव्हा परावर्तित तरंग मूळ तरंगात मिसळून स्थिर तरंग तयार होतो. भिंतींपाशी ध्वनिदाब कमाल होतो आणि मध्यभागी जवळजवळ शून्यावर येतो. या अनुनादाची वारंवारता ध्वनीच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागून मिळते.

उदाहरणादाखल भारतीय शहरांतील सदनिकांत सर्रास आढळणारी १४ × १० फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची खोली घेता येईल. मीटरमध्ये ही मापे ४.२७, ३.०५ आणि २.९० अशी होतात. लांबीचा पहिला अनुनाद ४० हर्ट्झवर, रुंदीचा ५६ वर आणि उंचीचा ५९ वर येतो. लांबीचा दुसरा ८० वर. यांपैकी ५६ आणि ५९ एकमेकांना खेटून असल्याने त्या पट्ट्यात ध्वनी दुहेरी फुगतो, तर ४० आणि ५६ यांच्या दरम्यान पोकळी राहू शकते. बास गिटारवर एक स्वर खोली दणाणून सोडतो आणि दोन-तीन पट्ट्यांवरचा दुसरा स्वर हरवल्यासारखा वाटतो, याचे कारण हे आहे. चौरस खोलीत लांबी व रुंदी यांचे अनुनाद तंतोतंत एकावर एक येतात. म्हणून १० × १० फुटांची खोली या दृष्टीने सर्वांत गैरसोयीची.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रानुसार वरील खोलीत, निनादकाल ०.४ सेकंद धरल्यास, सुमारे २०० हर्ट्झच्या खाली असे सुटे अनुनाद प्रभावी ठरतात. त्यावर ते इतके दाट होतात की वेगळे ओळखू येत नाहीत. सबवूफरचे संपूर्ण कार्यक्षेत्र या सीमेच्या खाली आहे.

बांधकामाचाही यात वाटा असतो. अमेरिकेतील अनेक घरांच्या लाकडी चौकटीवरील हलक्या भिंती मंद्र ध्वनीबरोबर किंचित हलतात आणि काही ऊर्जा शोषून घेतात. विटांच्या व काँक्रीटच्या भिंती हलत नाहीत. त्यामुळे बास खोलीतच कोंडला जातो आणि अनुनाद अधिक टोकदार होतात. परदेशी परीक्षणांतील ‘या खोलीसाठी हा आकार पुरेसा’ यांसारखे निष्कर्ष आपल्याकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. ‘संथ’ किंवा ‘लोंबकळणारा’ बास अशी जी तक्रार ऐकू येते, तिचाही दोष बहुधा सबवूफरकडे नसतो. स्वर थांबल्यावरही खोलीतील अनुनाद काही काळ चालू राहतो, तोच कानाला जाणवतो.

जागा आणि संख्या

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास खोलीतील सर्व अनुनाद पूर्ण जोराने चेतवले जातात. आवाज सर्वाधिक मिळतो, पण चढउतारही सर्वाधिक मिळतात. श्रोता खोलीच्या लांबीच्या नेमक्या मध्यावर बसला तर ४० हर्ट्झचा स्वर त्याच्या कानापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. मागच्या भिंतीला टेकून बसला तर तोच स्वर अंगावर येतो. खुर्ची अर्धा मीटर पुढेमागे सरकवल्याने पडणारा फरक कित्येकदा सबवूफर बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो, आणि त्यासाठी खर्च काही येत नाही.

एकच सबवूफर असल्यास जागा शोधण्याची एक जुनी रीत आहे. सबवूफर श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवून ओळखीचे, सर्व पट्ट्यांत बास असलेले संगीत लावायचे आणि जेथे सबवूफर ठेवणे शक्य आहे अशा जागी रांगत जाऊन कान लावायचा. जेथे सर्व स्वर सारख्या जोराचे वाटतील तेथे सबवूफर ठेवायचा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही रीत आधारलेली असल्याने दिसायला हास्यास्पद असली तरी ती खरी उतरते.

अमेरिकेतील हर्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोलीतील सबवूफरांच्या संख्येचा व मांडणीचा पद्धतशीर अभ्यास सादर केला. चारही भिंतींच्या मध्यावर एकेक असे चार सबवूफर सर्वोत्तम ठरले. त्याहून संख्या वाढवून विशेष लाभ झाला नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर चारांच्या बरेच जवळ आले. याचे कारण वरील उदाहरणावरून स्पष्ट होते. पुढच्या व मागच्या भिंतींच्या मध्यावरील दोन सबवूफर एकाच कलेत चालले की लांबीचा पहिला अनुनाद दोन टोकांकडून परस्परविरुद्ध दिशेने चेतवला जातो आणि ४० हर्ट्झवरील फुगवटा रद्द होतो. दोन्ही सबवूफर रुंदीच्या मध्यावर, म्हणजे रुंदीच्या अनुनादाच्या निस्पंद स्थानी असल्यामुळे ५६ हर्ट्झचा अनुनादही चेतवला जात नाही. उंचीचा ५९ हर्ट्झचा अनुनाद उरतो. मात्र बसलेल्या श्रोत्याचे कान जमिनीपासून मीटरभर उंचीवर, म्हणजे खोलीच्या मध्यउंचीपासून फार दूर नसल्याने तो पूर्ण जोराने ऐकू येत नाही. ८० हर्ट्झचा दुसरा अनुनाद या मांडणीत कायम राहतो.

यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की, लहान खोलीसाठी ठरलेल्या रकमेत १२ इंची एका सबवूफरऐवजी ८ किंवा १० इंची एकसारखे दोन घेणे बहुधा श्रेयस्कर ठरते. अडचण असते ती दारे, कपाटे आणि पलंग यांची. पुढची व मागची भिंत मोकळी नसल्यास डाव्या-उजव्या भिंतींचे मध्य हा समकक्ष पर्याय आहे.

पेटी आणि शंकू

तोच ध्वनिदाब टिकवून वारंवारता निम्मी करायची तर शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. म्हणूनच खोल बाससाठी मोठा शंकू किंवा लांब हालचाल लागते. १२ इंची शंकूचे कार्यकारी क्षेत्रफळ ८ इंचीच्या दुपटीहून अधिक असते.

बंद पेटीच्या सबवूफरचा आवाज त्याच्या अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबल या दराने, म्हणजे तुलनेने हळूहळू घटतो. छिद्रयुक्त पेटी ठरावीक वारंवारतेपर्यंत अधिक जोर देते; पण त्याखाली तिचा आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. लहान खोलीत बंद पेटीला एक अनपेक्षित साहाय्य मिळते. पहिल्या अनुनादाच्या खाली, म्हणजे उदाहरणातील खोलीत ४० हर्ट्झखाली, तरंग खोलीत मावत नाही. सर्व हवा एकदम दाबली व सैल केली जाते आणि वारंवारता उतरेल तसा ध्वनिदाबाला टेका मिळत जातो. पूर्णपणे घट्ट, बंदिस्त खोलीत हा टेका तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबल असतो. दार, खिडक्या व फटी यांमुळे तो प्रत्यक्षात कमी मिळतो, तरी बंद पेटीची घट बरीचशी भरून निघते. त्याच खोलीत छिद्रयुक्त पेटीचा जोर मात्र जास्त होऊन बास घुमल्यासारखा वाटू शकतो. चित्रपटातील स्फोट मोठ्या आवाजात ऐकण्याची हौस असल्यास छिद्रयुक्त पेटीच उपयुक्त, पण ती जागाही अधिक व्यापते.

माहितीपत्रकातील आकडे

‘२० हर्ट्झपासून’ एवढेच लिहिलेले असल्यास त्याला अर्थ नाही. त्या वारंवारतेला आवाज किती डेसिबलने घटलेला आहे हे सोबत दिलेले असावे लागते. वॅटचे आकडेही फसवे असतात, कारण शक्ती दुप्पट केली तरी वाढ केवळ ३ डेसिबलची होते. संगणकासोबतच्या स्वस्त स्पीकरांवर एकेकाळी झळकणारे ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट हे निव्वळ जाहिरातीचे अंक होत. त्यापेक्षा ‘सीईए-२०१०’ या मानकानुसार केलेली चाचणी विश्वसनीय असते. तीत विरूपण मर्यादेत राखून प्रत्येक वारंवारतेला मिळणारा कमाल ध्वनिदाब नोंदवतात. मात्र काही चाचण्यांत २ मीटरवरील आरएमएस मूल्य आणि काहींत १ मीटरवरील शिखरमूल्य दिलेले असते. या दोहोंत ९ डेसिबलचा फरक पडतो, तो तुलनेपूर्वी वजा करावा लागतो.

जुळणी

मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांच्यातील सीमा, म्हणजे क्रॉसओव्हर, सामान्यतः ८० हर्ट्झवर ठेवतात. त्याखालील ध्वनी कोठून येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. सीमा १२० च्या वर नेल्यास पुरुषी आवाज सबवूफरच्या दिशेने ओढला गेल्यासारखा वाटू लागतो. सीमेजवळ दोन्हींची कला जुळली नाही, तर तेथेच खड्डा पडतो. कला बदलण्याचे बटन दोन्ही स्थितींत फिरवून जेथे आवाज भरीव वाटतो ती स्थिती कायम ठेवावी.

मोजणीसाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही विनामूल्य संगणकप्रणाली आणि प्रमाणित केलेला यूएसबी मायक्रोफोन पुरतो. बोलण्यासाठी बनविलेले मोबाइल फोनचे मायक्रोफोन अतिमंद्र ध्वनी अनेकदा कमी दाखवतात. इक्वलायझरने फुगवटे कापता येतात. खड्डे भरता येत नाहीत. खड्डा १० डेसिबलने उचलायला दहापट शक्ती लागते, आणि परावर्तित तरंगही तेवढाच वाढत असल्याने खड्डा जागच्या जागी राहतो. त्यावर उपाय जागा बदलणे हाच.

भिंतीला चिकटवलेला इंच-दोन इंच जाडीचा फोम बासवर परिणाम करत नाही. ५७ हर्ट्झच्या तरंगाची चतुर्थांश लांबीच दीड मीटर भरते. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या खनिज लोकरीच्या जाड थरांचा थोडा उपयोग होतो, पण १४ × १० फुटांच्या खोलीत ती जागा काढणे अवघड असते.

शेजार

मंद्र ध्वनी भिंती व लाद्या यांतून इतर ध्वनींपेक्षा सहज पार होतो. सबवूफरखाली ठेवलेली रबरी बैठक लादीत जाणारी थेट थरथर कमी करते. हवेतून भिंतीवर आदळणाऱ्या ध्वनीला ती अडवत नाही. भारतातील ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही मोजणी ‘ए’ भारांकनाने होते आणि त्यात ५० हर्ट्झचा ध्वनी प्रत्यक्षाहून सुमारे ३० डेसिबल कमी धरला जातो. परिणामी मापकावरचा आकडा मर्यादेत असतानाही वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याची झोप उडालेली असू शकते. दोन सबवूफरांच्या मांडणीत फुगवटे रद्द होत असल्यामुळे समाधानकारक बाससाठी आवाज तितका चढवावा लागत नाही. सदनिकेत राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा तिचा आणखी एक लाभ आहे.